पुस्तक मिटा आणि नकाशा काढा

परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवारनगरात फेरफटका मारला, तर जुन्या इमारतींच्या जिन्यांवर आणि गॅलऱ्यांत मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली मुले हमखास दिसतात. घरात एकच खोली. तिच्यात स्वयंपाक, टीव्ही, पाहुणे आणि धाकटी भावंडे. म्हणून जिन्यातला दिवा हाच अभ्यासाचा दिवा. या मुलांना 'अभ्यास कर' असे सांगावे लागत नाही. ती करतच असतात. पण अभ्यास म्हणजे नक्की काय करतात? धडा वाचतात. मग पुन्हा वाचतात. महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारतात आणि तिसऱ्यांदा वाचतात. एवढे करून चाचणीचा पेपर हाती आला की म्हणतात, "बाई, सगळं वाचलं होतं हो, पण आठवलंच नाही."

विक्रोळीत विज्ञान शिकवणारे आम्ही काही शिक्षक हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकत आलो. आमचे उत्तरही ठरलेले असे : "मग अजून एकदा वाचायचं!" हे उत्तर चुकीचे होते, हे कळायला आम्हाला बराच काळ लागला. वेळ आणि जागा दोन्ही अपुरी असलेल्या मुलाला आपण अभ्यासाची चुकीची रीत शिकवली, तर त्याचे नुकसान दुप्पट होते. म्हणून या लेखात आम्ही अभ्यासाच्या एका साधनाची, म्हणजे मनोनकाशाची ओळख करून देणार आहोत. हे साधन वापरताना आमची स्वतःची चूक कुठे झाली, तेही सांगणार आहोत.

नकाशा म्हणजे काय?

एखादा विषय कागदाच्या मध्यभागी लिहायचा. त्यापासून निघणारे मुख्य मुद्दे फांद्यांसारखे काढायचे आणि प्रत्येक फांदीला उपफांद्या फोडायच्या. वाक्ये लिहायची नाहीत, नेमके शब्द लिहायचे. जमल्यास रंग आणि लहान चित्रे वापरायची. या पद्धतीला 'माइंड मॅप' हे नाव देऊन ती जगभर पोहोचवली ती ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी. १९७४ साली बीबीसीच्या दूरचित्रवाणी मालिकेतून त्यांनी ती लोकांसमोर मांडली. तिच्या प्रसारात डावा मेंदू आणि उजवा मेंदू यांच्या बऱ्याच गोष्टी सांगितल्या गेल्या. मेंदूच्या कामाची इतकी सरळ वाटणी होत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. त्यामुळे तो भाग सोडून देऊ. पद्धत मात्र सोडून देण्यासारखी नाही.

याच सुमारास, १९७२ मध्ये, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हॅक आणि त्यांचे सहकारी एका वेगळ्याच अडचणीतून जवळपास तिथेच पोहोचले होते. लहान मुलांच्या मनातील विज्ञानाच्या कल्पना वर्षागणिक कशा बदलतात, याचा ते अभ्यास करत होते. त्यासाठी मुलांच्या मुलाखतींचा मोठा ढीग त्यांच्यापाशी जमला. पण मुलाला काय समजले आहे, ते त्या ढिगातून एका नजरेत कसे दिसावे? त्यांनी युक्ती काढली. मुलाच्या बोलण्यातील संकल्पना चौकटीत लिहायच्या, दोन चौकटी रेघेने जोडायच्या आणि त्या दोन संकल्पनांचा संबंध सांगणारा शब्द रेघेवर लिहायचा. हा 'संकल्पना-नकाशा'.

दोन्ही नकाशांत एक महत्त्वाचा फरक आहे. बुझान यांच्या नकाशात फांदी नुसती निघते. ती का निघाली हे सांगावे लागत नाही. नोव्हॅक यांच्या नकाशात रेघेवर शब्द लिहिल्याशिवाय सुटका नसते. 'तिवर' आणि 'चिखल' हे दोन शब्द रेघेने जोडले, तर काहीच सांगितले नाही. रेघेवर 'वाढते' लिहिले तर वाक्य झाले : तिवर चिखलात वाढते. वर्गासाठी आम्ही दोन्हींचा मेळ घातला. आकार बुझान यांचा, जोडशब्द नोव्हॅक यांचे. पुढे 'नकाशा' म्हणताना हाच अभिप्रेत आहे.

नकाशाने काय साधते?

आपले मन एका वेळी फार थोड्या गोष्टी हाताळू शकते. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली मांडले, की अशा सुट्या गोष्टींची मर्यादा साधारण चारच्या आसपास असते. धड्यात तर वीस-पंचवीस नव्या गोष्टी असतात. त्या सुट्या राहिल्या तर सांडतात. एकमेकींत गुंफल्या तर चार-पाच जुड्या होतात आणि जुडी उचलणे सोपे असते. बाजारातून सुटी मेथी कोणी ओंजळीत आणत नाही, तसेच हे.

दुसरी गोष्ट जुन्या ज्ञानाची. नोव्हॅक यांनी ज्यांच्या सिद्धान्ताचा आधार घेतला, त्या डेव्हिड ऑसुबेल यांचे म्हणणे असे, की शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे यावर त्याचे पुढचे शिकणे सर्वांत जास्त अवलंबून असते. नवी गोष्ट जुन्या खुंटीला अडकवली तर ते अर्थपूर्ण शिकणे, आणि खुंटीशिवाय डोक्यात ठेवली तर ती घोकंपट्टी. नकाशा काढताना मुलाला प्रत्येक नव्या शब्दासाठी खुंटी शोधावीच लागते.

नकाशाचा उपयोग होतो याला पुरावाही आहे. जॉन नेस्बिट आणि ओलुसोला अडेसोपे यांनी २००६ साली अशा ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नुसता उतारा वाचणे किंवा व्याख्यान ऐकणे यांपेक्षा नकाशा काढणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहते, असे त्यांना आढळले. मात्र सारांश लिहिणे किंवा मुद्द्यांची मांडणी करणे यांसारख्या, डोके चालवावे लागणाऱ्या इतर कामांशी तुलना केली, तेव्हा नकाशाची आघाडी बरीच कमी झाली. म्हणजे गुण कागदावरच्या आकाराचा नसून तो आकार घडवताना करावा लागणाऱ्या विचाराचा आहे.

आमची चूक

नकाशाची ओळख झाल्यावर आम्ही उत्साहाने कामाला लागलो. प्रत्येक धड्याचा सुरेख नकाशा काढला. स्केचपेनचे सहा रंग, रेखीव अक्षर, कोपऱ्यात चित्रे. मुलांना त्याच्या झेरॉक्स वाटल्या आणि भिंतीवर तक्ते लावले. पालक खूश, मुख्याध्यापक खूश. मुलांनी नकाशाची झेरॉक्स वहीत चिकटवली आणि पूर्वी धडा पाठ करत, तसा आता नकाशा पाठ करू लागली. घोकंपट्टी होती तिथेच राहिली, फक्त रंगीत झाली.

कारण उघड होते. धड्याचा विचार आम्ही केला होता, मुलांनी नव्हे. जुड्या आम्ही बांधल्या, त्यामुळे शिकलो आम्ही!

मग आम्ही मुलांनाच नकाशा काढायला सांगितले. नकाशे छान आले. पण मुले पुस्तक समोर उघडे ठेवून, धड्यातला एकेक शब्द उचलून चौकटीत बसवत होती. चाचणीत पुन्हा तेच : "वाचलं होतं, काढलं होतं, आठवलं नाही." इथे मात्र आम्ही गोंधळलो. आता तर काम मुलांनी केले होते. मग चुकले कुठे?

वाचणे आणि आठवणे

याचे उत्तर दोन प्रयोगांत मिळते. पहिला प्रयोग हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वाचायला उतारे दिले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले. काही उतारे एकदाच वाचले आणि दुसऱ्या वेळी कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा दोनदा वाचलेल्या उताऱ्यांतील ८१ टक्के मुद्दे आठवले, तर एकदा वाचून आठवलेल्या उताऱ्यांतील ७५ टक्के. दोनदा वाचणे सरस ठरले. पण ज्यांची परीक्षा एका आठवड्याने घेतली, त्यांच्यात आकडे उलटले. दोनदा वाचलेल्यांतील ४२ टक्के उरले, आठवून लिहिलेल्यांतील ५६ टक्के.

जिन्यावर बसलेल्या मुलाची फसगत इथेच होते. धडा तिसऱ्यांदा वाचताना तो ओळखीचा वाटतो. ओळखीचा वाटतो म्हणजे येतो, असे मुलाला वाटते. ट्रेनमध्ये रोज दिसणारा चेहरा आपण ओळखतो, पण त्याचे नाव विचारले तर सांगता येत नाही. पेपरात ओळख विचारत नाहीत, नाव विचारतात.

दुसरा प्रयोग कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांचा. तो २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. यात एका गटाने उतारा समोर ठेवून संकल्पना-नकाशा काढला. दुसऱ्या गटाने उतारा वाचून तो बाजूला ठेवला आणि आठवून लिहिला, मग पुन्हा वाचून पुन्हा आठवून लिहिला. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारा गट पुढे होता. तर्क करावे लागणाऱ्या प्रश्नांतही तोच पुढे होता. एवढेच नव्हे, तर अंतिम परीक्षाच नकाशा काढण्याची ठेवली, तरी तोच पुढे राहिला! गंमत म्हणजे आपल्याला किती आठवेल असा अंदाज विद्यार्थ्यांना आधी विचारला होता. आठवून लिहिण्याने कमी लक्षात राहील, असेच त्यांचे अंदाज होते. जी रीत कठीण वाटते ती कुचकामी वाटते, हा आपला मोठा भ्रम आहे.

मग नकाशा टाकून द्यायचा का? नाही. याच दोघांनी २०१४ साली पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. या वेळी पुस्तक मिटून, आठवणीतून नकाशा काढायला लावला. तेव्हा तो आठवून लिहिण्याइतकाच उपयोगी ठरला. दोष नकाशाचा नव्हता, उघड्या पुस्तकाचा होता.

कांदळवनाचा धडा

हे कळल्यावर आम्ही वर्गात नव्याने सुरुवात केली. विषय निवडला तो मुलांच्या उंबऱ्याशी असलेला. कन्नमवारनगराच्या पूर्वेला ठाण्याच्या खाडीकाठी कांदळवने आहेत. दक्षिणेकडे पिरोजशानगरात गोदरेजने राखलेला त्यांचा मोठा पट्टा आहे. खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. मुले ही झाडे रोज पाहतात आणि ओहोटीचा वासही रोज घेतात.

आम्ही आठवीच्या मुलांना पानभर उतारा दिला. त्याचा आशय असा : खाडीचा चिखल पाण्याने गच्च भरलेला असतो. हवेच्या तुलनेत पाण्यात प्राणवायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. चिखलात जो थोडा प्राणवायू पोहोचतो, तो वरच्या थरातले जिवाणू संपवून टाकतात. खाली प्राणवायूविना जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. ओहोटीच्या वेळी येणारा कुजक्या अंड्यासारखा वास तोच. अशा चिखलात मुळे गुदमरतील. म्हणून तिवराच्या आडव्या मुळांना सरळ वर, चिखलाबाहेर येणारी बोटाएवढी मुळे फुटतात. ती श्वसनमुळे. त्यांवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि खालच्या मुळांपर्यंत पोहोचते. मुळांतून शिरलेले जास्तीचे मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे रोप होऊनच खाली पडते.

उतारा दोनदा वाचून झाल्यावर पुस्तके मिटली. कोऱ्या कागदावर दहा मिनिटांत नकाशा काढायचा होता. एका मुलीने 'तिवर' आणि 'चिखल' या दोन चौकटी काढल्या, त्यांच्यामध्ये रेघ ओढली आणि रेघेवर जोडशब्द लिहिला : 'श्वसनमुळे'.

आम्ही चमकलो. गाळलेल्या जागा भरताना या मुलीने 'श्वसनमुळे' हा शब्द बिनचूक लिहिला होता आणि पूर्ण गुण मिळवले होते. पण तिच्या मनात त्याचा अर्थ 'श्वसनामुळे', श्वास घेतल्यामुळे, असा होता. मूळ या नामाचे अनेकवचन आणि 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय यांचा घोटाळा झाला होता. शिक्षक म्हणून आम्ही हा शब्द किती वर्षे वर्गात उच्चारला असेल! तो किती मुलांनी असा ऐकला असेल कोण जाणे. तिला विचारले, "तिवराजवळ चिखलातून खिळ्यांसारखं काही वर आलेलं पाहिलंयस?" ती लगेच म्हणाली, "हो, तिथे पाय ठेवता येत नाही. ते झाडाचं मूळ आहे?"

मुलाच्या मनात काय चालले आहे ते कागदावर उघडे पडते, हा शिक्षकाच्या दृष्टीने नकाशाचा सर्वांत मोठा फायदा आहे. बरोबर उत्तराआड दडलेली चुकीची समजूत इथे लपत नाही. मात्र त्यासाठी नकाशा आठवणीतून काढलेला हवा. पुस्तकातून उतरवलेल्या नकाशात ही चूक कधीच दिसली नसती.

जोडशब्दांचे महत्त्व

जोडशब्दांबाबत मुले आळस करतात. सगळ्या रेघांवर 'असते' किंवा 'होते' लिहून मोकळी होतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात (स्थापना १९७४) मीना खरटमल आणि नागार्जुन यांनी संकल्पना-नकाशांवर काम केले आहे. जोडशब्द ढिले असतील तर नकाशा संदिग्ध होतो, म्हणून विज्ञानात ते काटेकोर आणि ठरावीक असावेत, असा त्यांचा आग्रह आहे.

मराठीत याची सोय आयतीच आहे. व्याकरणाच्या तासाला शिकवलेली अव्यये इथे कामाला लावता येतात. आम्ही फळ्याच्या कडेला एक यादी कायमची लिहून ठेवली आहे :

प्रकार सांगायचा तर : पैकी एक, चा प्रकार
भाग सांगायचा तर : चा भाग, मध्ये असते
कारण सांगायचे तर : कारण, त्यामुळे, म्हणून
हेतू सांगायचा तर : साठी, करिता
क्रम सांगायचा तर : आधी, नंतर, पासून बनते
विरोध सांगायचा तर : पण, तरीही, याउलट

त्याच वर्गातला एक सुधारलेला नकाशा शब्दांत मांडला, तर त्याची एक फांदी अशी दिसते :

चिखल – (पाण्याने भरलेला) म्हणून – प्राणवायू कमी – त्यामुळे – मुळे गुदमरण्याचा धोका – तो टाळण्यासाठी – श्वसनमुळे – पैकी छिद्रांतून – हवा आत

आणि याच फांदीपासून दुसरीकडे गेलेली एक आडवी जोडणी :

प्राणवायू कमी – त्यामुळे वेगळे जिवाणू वाढतात – हायड्रोजन सल्फाइड – म्हणून – ओहोटीचा वास

अशी आडवी जोडणी दिसली की समजावे, मुलाने धड्याचे दोन कोपरे स्वतः जोडले. नोव्हॅक आणि बॉब गोविन यांनी १९८४ साली नकाशाला गुण देण्याची एक रीत सुचवली होती. तीत प्रत्येक बरोबर संबंधाला एक गुण, तर प्रत्येक अर्थपूर्ण आडव्या जोडणीला दहा गुण होते. आमचा सल्ला मात्र असा, की नकाशाला गुण देऊच नयेत. गुण दिले की मुले पुन्हा पुस्तक उघडून सुबक नकाशे काढू लागतात.

एका तासिकेची आखणी

पस्तीस मिनिटांच्या तासाला पुढील क्रम आम्हाला सोयीचा वाटला.

१. सुरुवातीची पाच मिनिटे विषयाबद्दल आधीच काय माहीत आहे ते मुलांनी लिहावे. चुकीचे असले तरी चालेल. खुंट्या कुठे आहेत ते आपल्याला कळते.

२. पुढची आठ-दहा मिनिटे वाचन किंवा शिकवणे. एका वेळी पानभरच मजकूर घ्यावा.

३. पुस्तक मिटून दहा मिनिटे नकाशा. पेन्सिलीने काढावा. ज्याला अडले त्याने रिकामी चौकट काढून प्रश्नचिन्ह करावे. वर्ग शांत होतो, काही मुले अस्वस्थ होतात. होऊ द्यावीत. हा अस्वस्थपणा म्हणजेच आठवण्याचे श्रम.

४. पाच मिनिटे पुस्तक उघडून दुसऱ्या रंगाने दुरुस्ती. ही पायरी गाळू नये, नाहीतर चुकीची आठवण पक्की होते. दुसऱ्या रंगात जे आले, ते त्या मुलाला येत नव्हते. घरी अभ्यास करायचा तो तेवढाच.

५. उरलेल्या वेळात शेजाऱ्याला आपला नकाशा समजावून सांगणे. प्रत्येक रेघ पूर्ण वाक्यात वाचायची.

६. दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने तोच नकाशा कोऱ्या कागदावर. जुना पाहायचा नाही.

शेवटची पायरी सर्वांत जास्त टाळली जाते आणि तीच सर्वांत मोलाची आहे. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. पुन्हा पुन्हा वाचणे आणि ओळींखाली रेघा मारणे यांना त्यांनी खालचा क्रम दिला. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास काही दिवसांत विभागून करणे या दोन पद्धती वरच्या ठरल्या. कोऱ्या कागदावर पुन्हा काढलेल्या नकाशात दोन्ही एकत्र येतात. कागदाचा खर्चही नाही. दिनदर्शिकेच्या जुन्या पानाची पाठ पुरते आणि जिन्यावर मांडीवर ठेवूनही काम होते.

वरच्या पायऱ्या

बी.एड.ला आपण सर्वांनी बेंजामिन ब्लूम यांची १९५६ सालची उतरंड पाठ केली आहे आणि प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ताही भरला आहे. लॉरिन अँडरसन आणि डेव्हिड क्रॅथवॉल यांनी २००१ साली तिची सुधारणा केली. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि नवनिर्मिती या तिच्या सहा पायऱ्या. प्रत्यक्षात आपली प्रश्नपत्रिका बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवर बसून राहते. नकाशा पुरा झाल्यावर त्याच्याकडे बोट दाखवून वरचे प्रश्न विचारणे सोपे जाते. कांदळवनाच्या नकाशावर आम्ही विचारलेले प्रश्न असे :

स्मरण : तिवराची कोणती मुळे चिखलाबाहेर येतात?

आकलन : ओहोटीला खाडीचा वास का येतो, हे धाकट्या भावाला समजेल असे सांगा.

उपयोजन : श्वसनमुळांवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा आणि डेब्रिजचा थर बसला तर झाडाचे काय होईल?

विश्लेषण : कुंडीतल्या तुळशीला पाणी जास्त झाले की ती मरते, तिवर दिवसातून दोनदा भरतीत उभे राहूनही जगते. फरक कोणता?

मूल्यमापन : मुंबई–अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठी वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा २१ किलोमीटरचा बोगदा ठरला. त्यातला ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून आहे आणि तो विक्रोळीतूनच जातो. पुलाऐवजी बोगदा करण्यात कोणाचा फायदा, कोणती अडचण?

नवनिर्मिती : शाळेच्या मागच्या पाणी साचणाऱ्या जागेत झाडे जगवायची असतील, तर तिवराकडून कोणती युक्ती घ्याल?

उपयोजनाच्या प्रश्नावर तास संपला तरी चर्चा संपेना. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे मुलांनी घरी ऐकलेले होते. एकाने विचारले, "मग कांदळवनं असती तर तेव्हा पाणी तुंबलं नसतं का?" याला हो किंवा नाही असे सरळ उत्तर नाही. कांदळवने लाटांचा जोर मोडतात, गाळ धरतात आणि भरतीच्या पाण्याला पसरायला जागा देतात. पण आभाळातून पडलेल्या पाण्याला खाडीपर्यंत जायला नालाही मोकळा लागतो, आणि त्या दिवशी भरतीही होती. असे उत्तर ज्या मुलाला पेलते, तो पाठांतराच्या पलीकडे गेला.

इथे एक इशारा द्यायला हवा. वरच्या पायरीसाठी खालची पायरी लागतेच. प्राणवायूचे नीट माहीत नसलेल्या मुलाला 'तुला काय वाटते?' विचारून काही साधत नाही. पण उलटही खरे आहे. खालची पायरी घोटली म्हणून वरची आपोआप येत नाही. पूजा अगरवाल यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नुसत्या माहितीच्या प्रश्नांचा सराव केलेल्या विद्यार्थ्यांना उच्च पातळीच्या प्रश्नांत त्याचा लाभ झाला नाही. तसे प्रश्न सरावात असतील तेव्हाच तो झाला. म्हणून दर नकाशामागे दोन प्रश्न खालचे आणि दोन वरचे, असा नेम आम्ही ठेवला आहे.

नकाशा कुठे वापरू नये?

प्रत्येक गोष्टीचा नकाशा काढू नये. गणितातली उदाहरणे सोडवूनच येतात. भौतिकशास्त्रातील आकडेमोडीचेही तेच. प्रमेयाची सिद्धता ओळीने चालते, तिला फांद्या फोडल्या तर ती मोडते. पाढे आणि संज्ञा पाठच असाव्यात. पाठांतर हा काही शत्रू नाही. ज्या धड्यात अनेक गोष्टींचे परस्परसंबंध आहेत, उदाहरणार्थ परिसंस्था, पचन, हवामान, मूलद्रव्यांचे वर्गीकरण, तिथे नकाशा शोभतो.

सुरुवातीला मुले कुरकुरतात. "बाई, वाचायला सोपं जातं, हे अवघड आहे," असे म्हणतात. पहिले दोन-तीन नकाशे विस्कळीत आणि निम्मे रिकामे येतात. ते पाहून धीर सोडू नये, आणि ते सुबक करून देण्याचा मोह तर मुळीच धरू नये.

'श्वसनमुळे' रेघेवर लिहिणाऱ्या मुलीने आठवड्याने नकाशा पुन्हा काढला. या वेळी तो शब्द चौकटीत होता. रेघेवर तिने लिहिले होते, 'मुळे गुदमरू नयेत म्हणून'. अक्षर गिचमिड होते, रंग एकच होता आणि कागद रेशनच्या जुन्या पावतीमागचा होता. आमच्या भिंतीवरच्या सहारंगी तक्त्यापेक्षा तो नकाशा चांगला होता. तो तक्ता आम्ही आता काढून ठेवला आहे.

येत्या आठवड्यात एका धड्यासाठी हा प्रयोग आपल्या वर्गात करून पाहावा. आपल्या परिसरातला विषय निवडलात तर उत्तम. मुलांच्या नकाशांत कोणत्या लपलेल्या चुका सापडल्या, ते आम्हाला जरूर कळवावे.